तेलबियांसाठी विकत मिळणारी सेंद्रिय खते : गांडूळ खत, प्रेसमड कंपोस्ट आणि पेंडी यांचे परीक्षण

सोयाबीन, भुईमूग आणि करडई या तीन तेलबियांसाठी लातूर जिल्ह्यात जी सेंद्रिय खते विकत मिळतात, त्यांपैकी मी स्वतःच्या शेतात वापरलेल्या खतांचे हे परीक्षण आहे. जमीन मध्यम ते भारी काळी आणि चुनखडीयुक्त आहे. माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) आठच्या वर आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला होता. मराठवाड्यातील बहुतेक शेतकऱ्यांचा अहवाल याहून फारसा वेगळा नसतो, म्हणून हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडावा. ज्यांच्याकडे जनावरे आहेत आणि उकिरडा नीट कुजवलेला आहे, त्यांना यातील काहीच विकत घेण्याची गरज नाही. परंतु ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे होत गेले, हेक्टरी दहा टन शेणखताची शिफारस बहुतेकांसाठी कागदावरच राहिली, आणि त्या जागी पोत्यातील खतांचा मोठा बाजार उभा राहिला.

या बाजारातील खतांची तुलना करताना दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही पहिल्यांदा नत्राचा आकडा पाहतात. तेलबियांच्या बाबतीत ही कसोटी चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोयाबीन आणि भुईमूग ही पिके मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतील नत्र स्वतः मिळवतात, आणि जमिनीत आयते नत्र भरपूर मिळाले तर त्या गाठी कमी धरतात. करडई, सूर्यफूल, तीळ यांना नत्र बाहेरून द्यावे लागते हे खरे, पण तेथेही नत्र गरजेपेक्षा जास्त झाले की दाण्यात प्रथिने वाढतात आणि तेलाचे प्रमाण घटते. तेलबियांना खरी ओढ असते ती गंधकाची. एक टन धान्य पिकवताना ज्वारी-गव्हासारखे पीक जमिनीतून साधारण ३ ते ४ किलो गंधक घेते, कडधान्य ८ किलोंच्या आसपास घेते आणि तेलबिया सुमारे १२ किलो घेतात. वनस्पती स्निग्धाम्ले तयार करते ती ॲसिटिल को-एन्झाइम ए या संयुगापासून, आणि त्या को-एन्झाइमच्या रचनेतच गंधक असते. मिथिओनिन आणि सिस्टिन ही अमिनो आम्लेही गंधकाशिवाय बनत नाहीत, म्हणजे तेलाबरोबर पेंडीतील प्रथिनांचा कसही गंधकावर अवलंबून असतो.

आता हे गंधक आपल्या जमिनीत कमी का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी खतांच्या बदललेल्या सवयीत आहे. विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) द्यायचे ठरवले आणि ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले, तर ३७५ किलो खत लागते व त्यातून सुमारे ४१ किलो गंधक आपोआप जमिनीत जाते. तेच स्फुरद डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतातून दिले तर १३० किलोंत काम भागते, हमाली वाचते, पण गंधक मिळत नाही. दुसरीकडे, जमिनीतील गंधकाचा फार मोठा साठा सेंद्रिय पदार्थांतच बांधलेला असतो आणि सूक्ष्मजीव तो हळूहळू सल्फेटच्या रूपात मोकळा करतात. कर्ब घटला की तो साठाही आटतो. म्हणून तेलबियांसाठी सेंद्रिय खत निवडताना मी चार गोष्टी पाहतो : त्यात गंधक किती येते, अडकून पडलेले स्फुरद ते किती मोकळे करते, माती किती भुसभुशीत होते, आणि एकराला पुरेसे टाकता येईल इतके ते स्वस्त आहे का. शेवटची कसोटी सर्वांत कठोर आहे आणि बहुतेक पोती तिथेच नापास होतात.

सर्वाधिक खपणारे खत म्हणजे गांडूळ खत. दर्जाच्या बाबतीत या खतामध्ये जमीन-अस्मानाचा फरक आढळतो. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळ खतात किमान १८ टक्के सेंद्रिय कर्ब आणि १ टक्का नत्र असावे, ओलावा १५ ते २५ टक्क्यांदरम्यान असावा, रंग गडद तपकिरी ते काळा असावा, दुर्गंधी नसावी आणि किमान ९० टक्के खत चार मिलिमीटरच्या चाळणीतून गळावे, अशी अपेक्षा आहे. चांगल्या उत्पादकाचे खत हातात घेतले की चहाच्या भुकटीसारखे मोकळे लागते आणि पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो तसा वास येतो. आमच्याच परिसरातील एका लहान उत्पादकाकडून, ज्याच्या शेडमध्ये आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे शेण आणि सोयाबीनच्या भुसकटावर वाढवलेली मी समक्ष पाहिली, असे खत मिळाले आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. याउलट एका कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या, आकर्षक छपाईच्या पोत्यातील गांडूळ खतात बारीक वाळू आणि चाळलेली काळी माती मिसळलेली निघाली. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात मूठभर खत ढवळून ठेवले की तळाशी बसणारा वाळूचा थर लगेच दिसतो. ही चाचणी बिनखर्चाची आहे आणि खरेदीपूर्वी नमुना मागून प्रत्येकाने ती करावी.

चांगले गांडूळ खतही एकराच्या मापाने तेलबियांना परवडत नाही. मला ते किलोला दहा रुपयांच्या आसपास पडले, म्हणजे टनाला दहा हजार रुपये. एक टक्क्याच्या हिशेबाने त्या टनातून १० किलो नत्र मिळते. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यातून सुमारे २० किलो नत्र मिळते आणि ते पोते अनुदानित दराने तीनशे रुपयांच्या आत येते. गांडूळ खताचे मोल नत्रात नाही हे मला मान्य आहे, ते त्यातील सूक्ष्मजीवांत, ह्युमिक पदार्थांत आणि मुळांभोवती होणाऱ्या बदलात आहे. मात्र ते मोल मिळवण्यासाठी टनावारी खत शेतभर फेकण्याची आवश्यकता नाही. तिफणीच्या ओळीत, बियाण्याच्या जवळ, एकरी दीड-दोनशे किलो खत पेरून दिले तर रोपाच्या पहिल्या महिन्यातला फायदा जवळपास पूर्ण मिळतो, असे मला सोयाबीनमध्ये दिसून आले. ज्या ओळींत खत पडले त्या ओळींतील रोपे उपटून पाहिली असता मुळांना तंतू अधिक होते, गाठी लवकर धरल्या होत्या आणि गाठ फोडल्यावर आतला रंग गुलाबी-लाल होता, जो गाठ काम करत असल्याची खूण आहे. तेव्हा गांडूळ खत घ्यावे, पण थोडे घ्यावे, ओळखीच्या माणसाकडून घ्यावे आणि फक्त ओळीत द्यावे.

या परीक्षणात मी सर्वांत वरचे स्थान देतो ते साखर कारखान्याच्या प्रेसमडपासून केलेल्या कंपोस्टला, ज्याला आमच्याकडे सरसकट मळीचे खत म्हणतात. ऊसपट्ट्यातील शेतकरी ते उसालाच टाकतात आणि कोरडवाहू तेलबियांकडे ते क्वचितच येते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याचा खरा मान तेलबियांचा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक कारखाने उसाचा रस स्वच्छ करताना चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. त्या प्रक्रियेत गाळून निघालेल्या गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये, सेंद्रिय पदार्थांबरोबर गंधक, कॅल्शियम आणि स्फुरद हे तिन्ही येतात. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण तीन-चार टक्के प्रेसमड निघतो. चांगल्या कुजलेल्या प्रेसमडमध्ये नत्र एक ते दीड टक्का आणि स्फुरद त्याहून थोडे अधिक असते. भुईमुगाला ज्या तीन गोष्टी हव्यात, त्या एकाच ढिगात मिळतात, आणि तेही वाहतुकीसह टनाला दोन ते अडीच हजार रुपयांत. गांडूळ खताच्या एका टनाच्या पैशांत हे खत चार टन येते.

अर्थात हे खत डोळे झाकून घेण्यासारखे नाही. कारखान्यातून थेट निघालेल्या ताज्या प्रेसमडमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे वजनावर घेतले तर पैशाचा मोठा भाग पाण्याला जातो. शिवाय त्यात उसाचे मेण असते, त्यामुळे तो सावकाश कुजतो, कुजताना तापतो, आणि तसाच ओला माल पेरणीच्या तोंडावर पसरला तर उगवण मार खाते. पहिल्या वेळी आणलेला माल वरून काळा दिसत होता, पण ढिगाच्या पोटात हात घातल्यावर गरम लागला. असा माल बांधाजवळ सावलीत रचून, कंपोस्टचे जिवाणू संवर्धक मिसळून, ओल टिकवून आणि दोन-तीनदा वरखाली करून सहा ते आठ आठवडे ठेवावा. ढीग थंड झाला, आंबूस वास गेला आणि मूठ आवळल्यावर पाणी न सुटता गोळा होऊन तो बोटाने सहज फुटला, म्हणजे खत तयार झाले असे समजावे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणलेले खत मृगापर्यंत निश्चित तयार होते.

आसवनी (मद्यार्क बनवणारा विभाग) असलेले काही कारखाने प्रेसमडवर तिचे सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, फवारून बायोकंपोस्ट तयार करतात आणि ते तयार कुजलेल्या अवस्थेत विकतात. त्यात पालाश (पोटॅश) चांगले असते, भुरभुरीत असल्याने पसरायला सोपे जाते आणि वासही फारसा नसतो. परंतु स्पेंटवॉशबरोबर क्षारही येतात. जेथे निचरा चांगला आहे आणि पाऊस पुरेसा पडतो तेथे ते धुऊन जातात. जेथे जमीन चिबड, म्हणजे पाणी साचून राहणारी, आहे किंवा विहिरीचे पाणीच मचूळ आहे तेथे ते साठत जातात. भुईमूग क्षारांना नाजूक आहे, करडई त्या मानाने सोशीक आहे. म्हणून बायोकंपोस्ट घेताना विक्रेत्याकडे क्षारतेचा तपासणी अहवाल मागावा आणि तो नसेल तर एक किलोचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत देऊन मगच ट्रॉली सांगावी. मी ज्या ठिकाणी अहवाल मागितला तेथे तो तयार नव्हता, आणि नत्र-स्फुरदाचे आकडे तोंडी सांगण्यात आले. कारखान्यांनी या बाबतीत अधिक जबाबदारीने वागायला हवे, कारण तो माल शेवटी त्यांच्याच सभासदांच्या जमिनीत जातो.

या खताचा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसला तो उन्हाळी भुईमुगात. भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे शेंग धरणारे कोंब, फुलातून निघून जमिनीत घुसतात आणि शेंग मातीत पोसली जाते. या शेंगेला लागणारे कॅल्शियम मुळांकडून वर जाऊन परत खाली येत नाही, ते शेंग आपल्या सालीतून भोवतालच्या मातीतूनच घेते. म्हणून वरच्या तीन-चार इंचांच्या थरात विरघळणारे कॅल्शियम असणे आणि तो थर मऊ असणे, या दोन्ही गोष्टींवर पिकाचे भवितव्य ठरते. काळी जमीन पाण्याची पाळी लांबली की आवळते, आऱ्या वरच अडतात, आणि काढणीच्या वेळी वेल उपटताना भरलेल्या शेंगा जमिनीत तुटून राहतात. प्रेसमड कंपोस्ट दिलेल्या वाफ्यांत वेल हलक्या हाताने उपटला गेला आणि मागे शेंगा वेचणाऱ्या बायकांचे काम स्पष्टपणे कमी झाले, ही बाब माझ्याआधी त्यांनीच बोलून दाखवली. मे महिन्यात मजुरांची किती टंचाई असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका फरकाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. पोचट शेंगांचे प्रमाणही घटले. मात्र त्याचे श्रेय एकट्या कंपोस्टला देणे योग्य ठरणार नाही, कारण सर्व वाफ्यांना शिफारशीप्रमाणे जिप्सम दिले होते.

जिप्समबद्दल येथे आवर्जून सांगायला हवे. भुईमुगासाठी हेक्टरी ४०० किलो जिप्समची शिफारस आहे, त्यातील निम्मे पेरणीच्या वेळी आणि निम्मे आऱ्या सुटताना द्यायचे असते. ते खनिज आहे, सेंद्रिय खत नव्हे, पण सेंद्रिय शेतीतही नैसर्गिक खाणीतले जिप्सम चालते, आणि कंपोस्टबरोबर दिल्यास दोन्हींचे काम अधिक चांगले होते. आमच्याकडे ‘जमिनीत चुनखडी एवढी असताना आणखी कॅल्शियम कशाला’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. चुनखडीतील कॅल्शियम सहज विरघळत नाही, जिप्सममधील विरघळते, आणि त्यासोबत सल्फेटही मिळते, हे त्याचे उत्तर आहे. याच चुनखडीमुळे भुईमुगाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, कारण लोह उपलब्ध होत नाही. कंपोस्टमुळे हा पिवळेपणा कमी झाला, पण गेला नाही. सखल कोपऱ्यात अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी करावीच लागली. ‘आमचे खत टाका, सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी विसरा’ असे जे विक्रेते सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

पेंडींविषयी थोडक्यात सांगता येईल. निंबोळी पेंडीत चार-पाच टक्के नत्र असते, ती नत्र हळूहळू सोडते आणि जमिनीतील सूत्रकृमींना व हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीला काही प्रमाणात आवर घालते. हुमणीचा उपद्रव असलेल्या भुईमुगाच्या तुकड्यासाठी ती घ्यावी, सबंध शेतासाठी घेऊ नये. भेसळ मोठ्या प्रमाणावर होते. अस्सल पेंडीचा उग्र, लसणासारखा वास आणि जिभेवर चिमूट ठेवताच जाणवणारा कडूपणा लपत नाही. एरंडीची पेंड नत्राच्या हिशेबाने चांगली असली तरी ती विषारी असते. तिच्या पोत्यापाशी जनावर किंवा कुत्रे गेले तर जिवाशी गाठ पडू शकते, आणि दुर्दैवाने अनेक दुकानांत ही सूचना गिऱ्हाइकाला दिली जात नाही. शेंगदाण्याची, सरकीची किंवा करडईची पेंड थेट जमिनीत घालणे मला पटत नाही. ती आधी दुभत्या जनावराच्या दावणीत जावी आणि शेणाच्या रूपाने शेतात यावी, यात दोघांचेही भले आहे.

दाणेदार ‘सेंद्रिय’ खतांच्या चकचकीत पोत्यांबद्दल मात्र चांगले लिहिण्यासारखे काही सापडले नाही. डीएपीसारखे दिसणारे काळे दाणे, पोत्यावर भरघोस कणसाचे चित्र आणि घटकांच्या जागी ‘नैसर्गिक पोषक तत्त्वे’ असा मोघम मजकूर, असा एक माल मी घेतला होता. दाणे पाण्यात विरघळल्यावर बहुतांश चिकणमाती उरली. पोत्यावर कर्ब, नत्र, ओलावा यांचे आकडे, परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल, तर दर कितीही कमी असला तरी ते पोते उचलू नये, आणि घेतलेल्या मालाचे पक्के बिल घ्यावे, म्हणजे कृषी विभागाकडे तक्रार करता येते.

सर्वांत कमी खर्चात सर्वांत अधिक देणारी वस्तू म्हणजे जिवाणू संवर्धके. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मिळणारे सोयाबीनचे रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू हे मी कंपोस्टच्या जोडीने वापरतो. भुईमुगाचे रायझोबियम वेगळे असते, सोयाबीनचे त्याला चालत नाही, हे दुकानात पाकीट घेताना नीट पाहावे. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी करून ती सुकू द्यावी आणि जिवाणू शेवटी, सावलीत, पेरणीच्या अगदी आधी चोळावेत. चुनखडीच्या जमिनीत दिलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाऊन बसते. कुजणाऱ्या कंपोस्टमधील आणि जिवाणूंनी सोडलेली सेंद्रिय आम्ले ते सोडवतात, म्हणून ही दोन्ही एकत्र दिली तरच दोन्हींचे पैसे वसूल होतात. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीही अशीच ओलसर कंपोस्टमध्ये आठवडाभर वाढवून दिली तर मुळकुजीवर ती कोरड्या भुकटीपेक्षा अधिक गुण देते.

सेंद्रिय खताने तेलाचा उतारा वाढतो का, हा प्रश्न घाण्यावर नेहमी निघतो. दाण्यात किती तेल असावे हे मुख्यतः वाणावर ठरते : सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के, करडईत साधारण ३० टक्के, भुईमुगाच्या दाण्यात पन्नास टक्क्यांच्या जवळपास. खत हा आकडा दुप्पट करू शकत नाही, आणि तसा दावा करणारे पत्रक फाडून टाकावे. मात्र गंधकाची उपासमार असलेल्या जमिनीत वाणाच्या क्षमतेपेक्षा कमी तेल भरते, आणि ती तूट भरून निघू शकते. दाणा सुरकुतलेला न राहता टपोरा भरणे, हा फरक मी वजनकाट्यावर पाहिला आहे. चवीबद्दल ठाम सांगण्याइतकी तुलना मी केलेली नाही.

करडईला मी स्वतंत्रपणे कोणतेच सेंद्रिय खत देत नाही. खरिपात सोयाबीनला एकरी दोन टन प्रेसमड कंपोस्ट दिले की त्यातील सर्व अन्नद्रव्ये त्या एका हंगामात सुटत नाहीत. उरलेल्यावर, सोयाबीनच्या पालापाचोळ्यावर आणि जमिनीतील ओलीवर करडईचे सोटमूळ खोल जाते आणि पीक निभावते. मळणीचे भुसकट पेटवून न देता तेच शेतात पसरले तर पुढच्या वर्षी कंपोस्ट कमी आणूनही भागते. हे महत्त्वाचे अशासाठी, की आता अनेक कारखाने प्रेसमड बायोगॅस प्रकल्पांकडे वळवू लागले आहेत आणि शेतकऱ्याला मिळणारा माल कमी व महाग होत चालला आहे. त्या प्रकल्पांतून बाहेर पडणारे किण्वित सेंद्रिय खतही विक्रीला येते. ते मी अद्याप वापरलेले नाही, पण त्याचा गंधकाचा आणि क्षारतेचा अहवाल मिळाला तर येत्या हंगामात भुईमुगाच्या काही वाफ्यांना ते देणार आहे. तोपर्यंत गाळप हंगाम संपण्याआधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारखान्याकडे प्रेसमडची नोंदणी करावी; मे महिन्यात गेल्यास मिळतो तो बहुधा आवारातील तळाचा, खडी-माती मिसळलेला माल.